दोन डावे पडदे

सर्जेराव औताडे यांनी गाडीला पडदे लावायचं ठरवलं ते बायकोच्या एका वाक्यामुळे. ती बोलली नसती, तर ते ठरलं नसतं. आणि ते ठरलं नसतं, तर आज पडेगावात ते मान वर करून फिरत असते.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. सर्जेराव आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचे निदेशक होते. एकतीस वर्षं पोरांना लेथवर लोखंड कातायला शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यातच कोल्हापूरकडच्या एका हौशी माणसाकडून ही गाडी घेऊन आले. दिसायला सत्तर वर्षांपूर्वीची विलायती, लांब नाकाची, गोल डोळ्यांची, दोनच सीटची उघडी गाडी. आतून मात्र साधं आपल्याकडचं छोट्या गाडीचं इंजिन आणि वर फायबरची बॉडी. म्हणजे मूळ गाडीची हुबेहूब नक्कल. सर्जेराव तिला 'रोडस्टर' म्हणत. कॉलनीतले लोक 'बसकी गाडी' म्हणत. आणि सुलेखाबाई, म्हणजे सर्जेरावांच्या पत्नी, तिला 'टब' म्हणत.

त्या टबात सुलेखाबाई आजवर एकदाच बसल्या होत्या. पडेगावहून दौलताबादपर्यंत आणि परत. गाडीला वर छत नव्हतं, दारांना काचा नव्हत्या. घरी परत आल्या तेव्हा त्यांच्या केसांत उसाचं वाळलेलं पाचट होतं, डोळ्यांत मुरूम होता आणि ब्लाऊजच्या बाहीवर एक हिरवा टोळ अगदी निवांत बसून आला होता. (सर्जेरावांच्या मते तो टोळ फार सुखात होता. हे मत त्यांनी तेव्हाच बोलून दाखवायला नको होतं.)

त्यानंतर दोन वर्षं सुलेखाबाई शेजारच्यांच्या स्कूटरवर बसल्या, रिक्षात बसल्या, एकदा तर पाण्याच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आल्या, पण टबात बसल्या नाहीत.

आणि मग कन्नडहून फोन आला.

सुलेखाबाईंनी कन्नडच्या एका मुलींच्या शाळेत अकरा वर्षं गणित शिकवलं होतं. जूनमध्ये त्या शहरातल्या शाळेतून निवृत्त झाल्या, हे कन्नडच्या जुन्या विद्यार्थिनींना कळलं आणि त्यांनी सप्टेंबरातल्या एका रविवारी बाईंचा सत्कार ठेवला. मेघा नावाची विद्यार्थिनी फोनवर रडायचीच बाकी होती. "बाई, तुम्ही आलंच पाहिजे. आम्ही गाडी पाठवतो."

"गाडी कशाला पाठवता? गाडी आहे ना आपली!" सर्जेराव पलीकडच्या खोलीतून ओरडले.

फोन ठेवून सुलेखाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. एकतीस वर्षांच्या संसारात या पाहण्याचे सतरा प्रकार सर्जेरावांना माहीत झाले होते. हा अकरावा होता.

"मी एसटीनं जाईन," त्या म्हणाल्या.

सर्जेराव उठले. बाहेर जाऊन गाडीचं बॉनेट पुसत बसले. अर्धा तास पुसलं. जिथं पुसलं होतं तिथंच पुन्हा पुसलं. शेवटी सुलेखाबाईंनाच राहवलं नाही. त्या दारात येऊन म्हणाल्या, "बरं, येते त्यातून. पण ऐका. मी श्रेयानं दिलेली मोरपंखी रेशमी साडी नेसणार आहे. तिच्यावर पावसाचा एक थेंब पडता कामा नये. केस विस्कटता कामा नयेत. आणि कुठलाही कीटक नको."

श्रेया म्हणजे त्यांची लेक. पुण्यात असते. तिची साडी नेसणार म्हणजे मामला गंभीर होता.

"त्यात काय एवढं?" सर्जेराव उजळून म्हणाले. "पडदे लावून घेतो की!"

विलायतेत अशा गाड्यांना पाऊसपाण्यात वरून कापडी टप चढवतात आणि दारांवर सळईच्या चौकटीत बसवलेले पडदे खोचतात. मध्ये पारदर्शक प्लास्टिक असतं, म्हणजे बाहेरचं दिसतं. सर्जेरावांनी याचे इतके व्हिडिओ पाहिले होते की एका गोऱ्या म्हाताऱ्याचं गॅरेज त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त ओळखीचं झालं होतं. गॅरेजात कुठली पक्कड कुठल्या खिळ्याला टांगलीय ते ते सांगू शकत. (घरात साखरेचा डबा कुठं असतो, ते नाही.)

दुसऱ्या दिवशी ते गुलमंडीच्या मागच्या गल्लीत बन्सीकडे गेले. बन्सी रिक्षाचे टप शिवायचा, टेम्पोच्या ताडपत्र्या शिवायचा आणि मोटरसायकलच्या सीटला कव्हरं चढवायचा. गल्लीत त्याच्या हाताला तोड नव्हती, असं बन्सीच सांगत असे.

"पडदे शिवायचे आहेत," सर्जेराव म्हणाले.

"घरके पडदे इथं नाय सर. समोर जावा, टेलरकडं."

"घराचे नाही. गाडीचे."

"ॲम्ब्युलन्स काढली का सर?"

"ॲम्ब्युलन्स नाही हो. रोडस्टर. उघडी गाडी आहे. पाऊस आत येतो."

बन्सीनं मान तिरकी करून विचार केला. "मंग बंद गाडी घ्यायची ना सर. सीधी बात आहे."

सर्जेरावांनी मोबाईल काढून गोऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ दाखवला. बन्सीनं तो शेवटपर्यंत पाहिला आणि एकच शेरा दिला, "ये चचा रिकामे दिसतात." पण काम घेतलं. सर्जेरावांनी दाराच्या मापाचा कागदी फर्मा करून आणला होता. सुताचाही फरक नव्हता. एकतीस वर्षं पोरांच्या वहीवर मापं चुकली म्हणून लाल रेघा मारणारा माणूस! त्यांनी तो फर्मा बन्सीच्या टेबलावर पसरला आणि रुबाबात म्हणाले, "असे दोन. अगदी असेच. मिलिमीटरही इकडंतिकडं नको."

"सेम टू सेम," बन्सी म्हणाला.

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं होतं, पण त्या वेळी ते कोणीच ठेवलं नाही.

शनिवारी दुपारी काम तयार झालं. बन्सीनं दुकानासमोरच टप चढवून दिला. सर्जेराव दोन पावलं मागं सरून बघत राहिले. टप काळाच हवा असं ते म्हणाले होते आणि तो काळाच होता. पण त्याला चारी बाजूंनी पिवळी किनार होती, किनारीला झालर होती आणि चार कोपऱ्यांना लाल गोंडे होते.

"हे कशाला?"

"आपल्याकडून भेट, सर. रिकामं रिकामं दिसत होतं."

"आणि हे प्लास्टिक? यावर द्राक्षं आहेत!"

"जेवणाच्या टेबलावर टाकतात ते हाय सर. लई जाड. गारा पडल्या तरी फाटणार नाय. द्राक्षं फक्त किनाऱ्याला हैत, मधून सगळं दिसतं." मग बन्सीनं आवाज खाली आणून खास गोष्ट सांगितली. "टिचबटणं नाय लावली. बटणं वाऱ्यानं सुटतात. टेम्पोच्या ताडपत्रीला लावतो तसे पट्टे अन् बकलं लावलीत. दाराच्या खालपर्यंत घेतलेत. एकदा आवळले ना, तुफान आलं तरी पडदा हलत नाय अन् दारबी हलत नाय."

वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला निघायचं होतं. सर्जेरावांनी पडदे शेजारच्या सीटवर ठेवले आणि घरी आले. अंगणात डावा पडदा दारात खोचला. असा चपखल बसला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. आतल्या बाजूनं पट्टे आवळले, बकलं लावली. कडक! मग उजव्या बाजूला आले, दुसरा पडदा उचलला, खोचायला गेले आणि थांबले. पडदा फिरवून पाहिला. उलटा धरून पाहिला. मग गुपचूप जाऊन पुन्हा डावा पडदा पाहून आले.

दोन्ही पडदे डावे होते.

त्यांनी बन्सीला फोन लावला. "अहो बन्सी, दोन्ही डाव्या बाजूचे केलेत!"

"तुम्हीच बोलले सर, अगदी असेच दोन."

"अहो पण एक डावा आणि एक उजवा नको का?"

"चप्पल थोडीच हाय सर, डावी-उजवी करायला?" बन्सी म्हणाला. मग त्याला दया आली. "उलटा करून लावा. आतली बाजू बाहेर. माप तर बराबर बसंल."

माप बरोबर बसलं. बन्सीचं खरं होतं. फक्त आतली बाजू बाहेर आल्यामुळं उजव्या दाराचे सगळे पट्टे आणि सगळी बकलं गाडीच्या बाहेर आली. म्हणजे ड्रायव्हर आत बसला, की दुसऱ्या कोणीतरी बाहेरून त्याला आवळायचं. आणि उतरायचं झालं, की दुसऱ्या कोणीतरी बाहेरून सोडवायचं.

(एकतीस वर्षं त्यांनी इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये आरशातली आकृती शिकवली होती. 'डाव्याचा उजवा करताना डोकं वापरा, गाढवांनो' हे त्यांचं वर्गातलं आवडतं वाक्य होतं. ते वाक्य त्या संध्याकाळी अंगणात त्यांना फार स्पष्ट ऐकू आलं.)

सकाळी सुलेखाबाई मोरपंखी साडीत बाहेर आल्या. गोंडे पाहिले. झालर पाहिली. द्राक्षं पाहिली. मग ड्रायव्हरच्या बाजूचे पट्टे बघून म्हणाल्या, "हे बाहेरून का?"

"तशीच पद्धत आहे," सर्जेराव म्हणाले. "तू मला आवळ आणि मग पलीकडून बस."

सुलेखाबाईंनी एकूण सहा बकलं लावली. शेवटचं लावताना त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसल्यासारखं वाटलं, पण प्लास्टिकमधून नीट दिसत नव्हतं.

दौलताबाद ओलांडलं आणि पाऊस आला. चांगला आला. आणि खरं सांगायचं, तर पडद्यांनी कमाल केली! एक थेंब आत नाही. एक झुळूक नाही. सुलेखाबाईंच्या केसांतली पिन जागची हलली नाही. अडचण एकच होती, की बन्सीनं रेक्झिन चिकटवायला जे सोल्युशन वापरलं होतं ते अजून ओलं होतं आणि त्या बंद टपात त्याचा असा काही दर्प कोंडला होता, की खुलताबाद येईस्तोवर सर्जेरावांचे डोळे लाल झाले. सुलेखाबाईंच्या पडद्याला हात बाहेर काढायला एक झडप होती. ती त्यांनी उघडून नाक तिथं नेलं. सर्जेरावांच्या पडद्यालाही झडप होती. तिची चेन बाहेरून होती.

वेरूळच्या फाट्यावर गाडी हळू झाली, तर एक पिशवीवाला माणूस पावसात आडवा आला. त्यानं गोंड्याला हात लावून विचारलं, "कन्नड का?"

"भरली," सुलेखाबाई झडपेतून म्हणाल्या.

"काय म्हणाला तो?" सर्जेरावांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही पुढं बघा." आणि मग त्या हसल्या. टबात बसून त्या हसत होत्या! सर्जेरावांना इतका आनंद झाला, की डोकं दुखतंय हे ते विसरले. हतनूरपर्यंत त्या जुन्या शाळेच्या गोष्टी सांगत होत्या, कोण पोरगी पाढे म्हणताना रडायची, कोण बाकाखाली बोरं खायची. घरी इतक्या गप्पा झाल्याला किती दिवस झाले होते, ते दोघांनाही आठवलं नसतं.

पावणेअकराला गाडी शाळेच्या मैदानात शिरली. पाऊस अजून पडतच होता. गाडी थांबायची खोटी, पाच-सहा बायका छत्र्या घेऊन धावत आल्या. सुलेखाबाईंनी आतून आपली बकलं सोडली तशी मेघानं डावं दार उघडलं, "बाई! बाई!" म्हणून गळ्यातच पडली, आणि त्या सगळ्या घोळक्यानं बाईंना छत्र्यांच्या मांडवाखाली अलगद उचलल्यासारखं हॉलकडे नेलं. साडीवर एक थेंब पडला नाही. मागे कोणीतरी दार धाडकन लावून घेतलं.

सर्जेराव आत राहिले.

दोन मिनिटं ते हसतमुखानं वाट पाहत बसले. येईल, लक्षात येईल. पाचव्या मिनिटाला त्यांनी फोन लावला. सुलेखाबाई स्टेजवर चढताना मोबाईल सायलेंट करतात; वर्गात तर त्या फोन वाजणाऱ्या पोरीला तासभर उभं करायच्या. नऊ वेळा रिंग वाजली.

मग त्यांनी डाव्या दारानं उतरायचा विचार केला. विचार सोपा होता. पण दोन सीटच्या मध्ये गाडीच्या पोटातून येणारा उंच कणा होता, त्यावर गिअर, त्याला लागून हँडब्रेक, आणि स्टिअरिंग इतकं खाली की दोन वर्षांपूर्वी सर्जेरावांचं पोट त्याखाली जेमतेम बसायचं. या दोन वर्षांत स्टिअरिंग होतं तिथंच होतं. त्यांनी डावा पाय कण्यावरून पलीकडं टाकला. तो गेला. उजवा पाय पेडलखाली अडकला. पोट स्टिअरिंगखाली गेलं आणि तिथंच राहिलं. आता पुढंही जाता येईना, मागंही येता येईना. सर्जेराव अर्धे एका सीटवर, अर्धे दुसऱ्यावर असे तिरके लटकले. केस कपाळावर आले. चष्म्यावर वाफ आली. वर टपात पाण्याची मोठी खोळ साचली होती, ती त्यांच्या डोक्याला थंडगार टेकत होती.

त्यांनी सुटायला कोपर मागं मारलं ते हॉर्नवर बसलं. हॉर्न वाजला आणि कोपर निघेपर्यंत वाजतच राहिला.

शाळेचा शिपाई गोकुळ पोत्याची घोंगडी करून धावत आला. त्यानं प्लास्टिकला डोळा लावला. आत द्राक्षांच्या घोसांमध्ये एक लाल डोळ्यांचा माणूस तिरका पडून हातवारे करत होता.

"ओ! पट्टे सोडा!" सर्जेराव ओरडले. प्लास्टिकमधून त्याचं बाहेर "ओऽ पऽऽ सोऽऽ" असं काहीतरी झालं.

गोकुळ डाव्या बाजूला गेला, दार उघडलं आणि सोल्युशनचा दर्प त्याच्या तोंडावर आला. त्यानं झटकन दार लावून घेतलं. बाहेरचे पट्टे पाहिले. सहा बकलं पाहिली. आणि त्याच्या डोक्यात सगळं लख्ख झालं.

पोर्चमध्ये काकासाहेब निकम उभे होते. शाळेचे जुने पीटीचे सर, आता गावातल्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. गोकुळ त्यांना जाऊन सांगू लागला.

"सर, बाईंचा डायव्हर लई पिलाय."

"कशावरून?"

"वास येतोय ना! डोळे लालबुंद. एका कुशीवर पडलाय. अन् बाईंनी त्याला भायेरून पट्ट्यानं बांधून ठिवलाय. उतरून गुत्त्यावर जाऊ नये म्हून."

काकासाहेबांचा ऊर भरून आला. "सुलेखाबाई पहिल्यापासून अशाच. पोरी मैदानात पळू नयेत म्हणून वर्गाला बाहेरून कडी लावायच्या." ते छत्री घेऊन गाडीपाशी आले आणि डाव्या पडद्याच्या झडपेपाशी वाकले. आवाजात मध घालून म्हणाले, "दादा, नाव काय तुमचं?"

"सर्जेराव. अहो, ते पट्टे सोडा आधी!"

"सोडू. सोडू. किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"घ्यायला लागून."

"दोन वर्षं," सर्जेराव म्हणाले. त्यांना वाटलं, गाडीबद्दल विचारतायत. "निवृत्तीनंतर घेतली."

काकासाहेबांनी गोकुळकडं पाहून मान हलवली. "घरच्यांना त्रास होतो ना?"

"बायकोला आवडत नव्हती. आज मात्र आनंदानं आली."

"अरेरे. तिलाही घेऊन बसता?"

आता सर्जेरावांना गोंधळ कळला. "अहो, मी प्यालेलो नाही! मी ड्रायव्हर नाही! मी बाईंचा नवरा आहे!"

"आधी सगळे असंच म्हणतात, गोकुळ," काकासाहेब गोकुळला हलकेच म्हणाले. "मागच्या वेळचा तर म्हणत होता, मी तहसीलदार आहे."

"मी आयटीआयचा इन्स्ट्रक्टर आहे!"

"असाल दादा, असाल."

"गोकुळ, तू सोड रे ते पट्टे!" सर्जेराव आतून ओरडले.

"माझं नाव घेतो सर," गोकुळ दोन पावलं मागं सरकला. "बाईंनी बांधलंय. मी नाय सोडणार. बाई मला रागावत्यात. मला ह्या वयातबी भ्याव वाटतं."

त्याच वेळी हॉलमधला माईक लागला आणि मैदानभर सुलेखाबाईंचा आवाज आला. सर्जेरावांनी कान टवकारले. काकासाहेबही ऐकू लागले. बाई सांगत होत्या, की या शाळेनं आपल्याला काय काय दिलं. मग त्या थांबल्या, आणि निराळ्याच आवाजात म्हणाल्या, "आज मी इथं वेळेवर आणि कोरडी पोचले ते माझ्या मिस्टरांमुळं. माझ्या साडीवर थेंब पडू नये म्हणून हा माणूस आठवडाभर धावपळ करत होता. मी त्यांना कधी तोंडावर म्हणाले नाही, पण असा माणूस मिळायला नशीब लागतं. ते इथंच मागं कुठंतरी बसले असतील. लाजतात ते."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्जेरावांना रडू आलं. पोट स्टिअरिंगखाली अडकलेलं असताना रडू येणं फार अवघड जातं, पण आलं. इतक्या वर्षांत हे वाक्य ऐकायला मिळालं, आणि तेही अशा अवस्थेत! त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"ऐकलंत?" ते हुंदका देत म्हणाले. "तो मिस्टर मीच!"

"रडू नका दादा," काकासाहेबांचेही डोळे ओले झाले. "पश्चात्ताप झाला म्हणजे निम्मं काम झालं. ते मिस्टर आत बसलेत. त्यांच्यासारखे व्हा."

एव्हाना मधली सुट्टी झाल्यासारख्या सत्काराला आलेल्या शाळेतल्या पोरी व्हरांड्यात गोळा झाल्या होत्या. काकासाहेबांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "एकच करा. माझ्यामागं शपथ म्हणा, लगेच सोडतो."

सर्जेरावांनी परिस्थितीचा विचार केला. उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. टपातलं पाणी आता मानेवर उतरलं होतं. माणूस अशा वेळी मालमत्तासुद्धा लिहून देतो. त्यांनी डाव्या झडपेतून हात बाहेर काढला.

"मी, सर्जेराव..."

"मी, सर्जेराव..."

"आजपासून दारूच्या थेंबाला शिवणार नाही."

"आजपासून दारूच्या थेंबाला शिवणार नाही. सोडा आता!"

पोरींनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोटो काढला. काकासाहेबांनी स्वतःच्या हातानं सहाच्या सहा बकलं सोडली, दार उघडलं, आणि गोकुळनं दुसरीकडून ढकललं. सर्जेराव चिखलात उतरले, उभे राहिले, आणि बधिर झालेला उजवा पाय दुमडला तसे सरळ काकासाहेबांच्या गळ्यात पडले.

"अजून उतरली नाही," गोकुळ पोरींना म्हणाला.

नेमक्या तेव्हाच सुलेखाबाई हार-शालीसह बाहेर आल्या. त्यांनी चिखलात उभे असलेले, काकासाहेबांना मिठी मारलेले, रडलेले आपले मिस्टर पाहिले. मग उघडं दार पाहिलं, सुटलेले पट्टे पाहिले, आणि त्यांचा हात तोंडाला गेला.

"अग्गं बाई! तुम्हाला सोडायचंच राहिलं!"

पुढं काय झालं ते काकासाहेब अजून कोणाला सांगत नाहीत. ते दहा वेळा 'माफ करा' म्हणाले. गोकुळ पोत्यासकट दिसेनासा झाला. सुलेखाबाईंना सगळं समजलं तेव्हा त्या पोर्चच्या पायरीवर बसल्या आणि मोरपंखी साडीच्या पदरानं डोळे पुसत इतक्या हसल्या, की मेघाला वाटलं, बाईंना भाषणामुळं भरून आलंय. सर्जेरावांना पुरी-भाजी, जिलेबी आणि पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली. परतीला सुलेखाबाईंनी स्वतः उजवा पडदा काढून मागं टाकला. पाऊस थांबला होता. "असू दे थोडा वारा," त्या म्हणाल्या. घरापर्यंत त्या हसत होत्या. मधूनच थांबायच्या, सर्जेरावांकडे बघायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. हे पाहणं त्या सतरा प्रकारांतलं नव्हतं.

प्रकरण इथं मिटलं असतं. पण फोटो ज्यानं काढला होता, त्यानं तो शपथेनंतर लगेच, खुलासा व्हायच्या आधीच, पाच-सहा ग्रुपवर टाकून दिला होता. मंगळवारी तो एका स्थानिक साप्ताहिकात आला. द्राक्षांच्या घोसांमधून बाहेर आलेला हात, मागं धूसर लाल डोळे, आणि वर मथळा: 'सुलेखा मॅडमच्या प्रेरणेने चालक सर्जेराव यांचा दारूला रामराम'.

बुधवारी सकाळी फुलंब्रीकडच्या वाडीवरून सर्जेरावांच्या आईचा, चतुराबाईंचा, फोन आला. वय वर्षं ब्याऐंशी. त्या थोरल्या लेकाकडं राहत.

"सर्जा, पेपरात फोटू आलाय तुझा. सोडली म्हनं?"

"आई, मी कधी घेतच नव्हतो."

"व्हय रं बाळा. सोडली ना, बास झालं. तुझा बाप गेला तरी त्याची सुटली नवती."

"आई, तसं नाही. ऐक." आणि सर्जेरावांनी आईला पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं. गाडीच्या दारांना काचा नसतात, म्हणून पडदे केले. फर्मा एकच दिला, म्हणून दोन्ही पडदे डावे झाले. म्हणून एक उलटा लावला. म्हणून पट्टे बाहेर आले. मग पोट स्टिअरिंगखाली अडकलं आणि टेबलाच्या प्लास्टिकवरची द्राक्षं... चांगली वीस मिनिटं ते बोलत होते. चतुराबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

मग त्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि शेजारी बसलेल्या थोरल्या सुनेला हळूच म्हणाल्या, ते सर्जेरावांना अगदी स्पष्ट ऐकू आलं:

"पुन्यांदा लागलाय वाटतं गं. सकाळच्या पारीच घेऊन बसलाय."